पायाचें शिक्षण

मनुष्याच्या शरीरांत जो अवयव सर्वांत अधिक राबतो, त्याच्याच वांट्यास सर्वांत कमी मान यावा, हें जगाच्या रीतीस धरूनच झालें म्हणावयाचें. मस्तकास मुकुट, कंठास माळ, बोटास मुद्रिका. पायास मात्र धूळ. पुस्तकास पाय लागला तर आपण लगेच त्यास हात लावून तो कपाळाशीं नेतों. वडील माणसास चुकून पाय लागला तर क्षमा मागतों. आणि एखाद्याचा अत्यंत अपमान झाला हें सांगावयाचें असल्यास ‘त्यास लाथाडलें’ एवढेंच म्हणतों. उलटपक्षीं, ज्याच्या कर्तृत्वावर आपला भरंवसा असतो त्याच्याविषयीं ‘लाथ मारील तेथें पाणी काढील’ असेंहि आपणच म्हणतों. आणि दुभत्या गाईच्या लाथा गोड मानून घेण्याचें व्यवहारज्ञान तर आपल्या आजीबाईंनीं आपणांस बाळपणींच दिलेलें आहे. एकाच लाथेस इतके परस्परविरुद्ध अर्थ चिकटलेले पाहिल्यावर, ती नीट मारावी कशी हें एक शिकण्याजोगें शास्त्र असूं शकेल, अशी शंका मनांत येणें स्वाभाविक आहे. गेल्या दोन वर्षांत आम्हांस ती आली, आणि तिचें समाधान करून घेण्यास फार दूर जावें लागलें नाहीं. तें आमच्या राजापेठेंतच झालें.

राजापेठेंत एका इमारतीच्या माडीवर सायंकाळीं कराटे व तायक्वांदो यांचा वर्ग भरतो. आमच्या शाळेंतील पंधरा-वीस मुलगे व मुली तेथें जातात. त्यांच्याबरोबर कोणी तरी वडीलधारें माणूस असावें, अशी पालकांची इच्छा पडल्यावरून तें काम आमच्याकडे आलें. पहिले कांहीं दिवस आम्ही भिंतीशीं खुर्ची घेऊन वह्या तपाशीत बसत असूं. एके दिवशीं वर्गाचे शिक्षक, जे वयानें आमच्या माजी विद्यार्थ्यांत शोभावेत, ते जवळ येऊन मोठ्या आदरानें म्हणाले, “सर, खुर्चीवर बसून बसून पाय आखडतात. रांगेंत या.” चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थानें मुलांच्या रांगेच्या शेवटीं उभें राहून पाय उचलावा, आणि तो कमरेच्या वर जाण्याचें नांव घेऊं नये, या दृश्यानें मुलांस जो आनंद झाला, तो आमच्या कोणत्याहि व्याख्यानानें आजवर झालेला नव्हता. तथापि त्या रांगेंत उभें राहून जें कळलें तें खुर्चीवरून कळलें नसतें. तेंच येथें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावयाचें योजिलें आहे.

अमरावतीच्या वाचकांस व्यायामाची महती सांगणें म्हणजे नागपुरास संत्रीं पाठविणें होय. ज्या नगरींत १९१४ सालीं अंबादासपंत व अनंत या वैद्य बंधूंनीं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली, आणि जेथून १९३६ सालीं ऑलिंपिक सामन्यांच्या प्रसंगीं मल्लखांब, कबड्डी इत्यादि देशी खेळांचे प्रयोग करून दाखविण्याकरितां एक पथक थेट बर्लिनला गेलें, त्या नगरीच्या मुलांस ‘शरीर कमवा’ हा उपदेश नवा नव्हे. आतां आपल्या कुस्तींत लाथ मारण्यास मुळींच परवानगी नाहीं, हें खरें. तरीहि पाय शिकविल्यावांचून आपली एकहि देशी विद्या पुरी होत नाहीं. तालमीच्या हौद्यांतील तांबडी माती तेल, ताक व हळद घालून मऊ केलेली असते. तींत अनवाणी वावरतां वावरतां पहिलवानाचा पाय रोवून उभा राहण्यास शिकतो. पेशवाईच्या उतरत्या काळांत बाळंभट दादा देवधर यांनीं ज्यास पुन्हां नांवारूपास आणलें, त्या मल्लखांबाच्या एरंडेल लावलेल्या गुळगुळीत लांकडास विळखा घालतांना, किंवा दोराच्या मल्लखांबावर अंगठा व शेजारचें बोट यांच्या चिमटींत दोर पकडतांना, पाय धरावयास शिकतो. राजापेठेच्या माडीवर आम्हीं जें पाहिलें तें याच्या पुढील इयत्तेचें होतें. तेथें पाय जाऊन परत यावयास शिकतो.

या विद्येच्या इतिहासाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. कराटे ही जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटाची विद्या. तिच्या प्रसारास शाळा व शाळामास्तर कारण झाले, हें कळल्यावर आपल्या पेशाविषयींचा आमचा अभिमान किंचित्‌ वाढला. इतोसु आंको या गुरूनीं १९०१ च्या सुमारास ती तेथील शाळेंत आणली आणि लहान मुलांस झेपतील असे सोपे पाठ बसविले. त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७) हे पेशानें शिक्षकच होते. त्यांनीं १९२२ सालीं टोकियोंत तिचे प्रयोग करून दाखविल्यानंतर ती जपानभर पसरली. कोरियाची तायक्वांदो ही तर मुख्यतः पायांचीच विद्या. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून तिच्याकरितां पदकें दिलीं जाऊं लागलीं. म्हणजे आमचीं मुलें जें शिकत आहेत तें रस्त्यावरील भांडणाचें शिक्षण नसून शाळेच्या पटांगणांत वाढलेलें शिक्षण आहे, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें.

बाहेरून पाहणारास लाथ म्हणजे पाय वर फेकणें एवढेंच दिसतें. वस्तुतः समोरची साधी लाथ, जीस जपानी भाषेंत माए गेरी व कोरियन भाषेंत आप चागी म्हणतात, ती चार पायऱ्यांची आहे. प्रथम गुडघा दुमडून छातीकडे उचलावयाचा. मग त्या उचललेल्या गुडघ्यापासून नडगी व पाऊल पुढें फेकावयाचें. मग लागलीच पाऊल पुन्हां मागें ओढून घ्यावयाचें. आणि शेवटीं तें आपल्या इच्छेनें, आपल्या जागीं, आवाज न करितां खालीं ठेवावयाचें. नवशिका नेमक्या पहिल्या व तिसऱ्या पायऱ्या गाळतो. पहिली गाळली म्हणजे पाय काठीसारखा ताठ वर जातो, नेम चुकतो व कंबर धरते. तिसरी गाळली म्हणजे प्रतिपक्षी पाय पकडतो, किंवा मारणारा आपल्याच लाथेमागें ओढला जाऊन पुढें कोलमडतो. आमच्या शिक्षकांनीं तीन आठवडे सर्वांस भिंतीस हात टेकून नुसता गुडघा उचलावयास व खालीं ठेवावयास लाविलें. मुलें कंटाळलीं, आम्हांस मात्र मुळाक्षरें गिरविण्याच्या पाटीची आठवण झाली. ज्यानें ‘अ’ नीट गिरविला नाहीं त्याचें पुढील सारें अक्षर वांकडें येतें, हें जितकें हातास लागू आहे तितकेंच पायासहि.

दुसरा प्रश्न असा कीं, लागावें कशानें? समोरच्या लाथेंत चवड्यानें, म्हणजे बोटांच्या मुळाशीं तळव्यावर जी मांसल गादी असते तिनें. त्याकरितां बोटें मागें वळवावीं लागतात. न वळविल्यास आघात बोटांवर येऊन अंगठ्याचें हाड मोडूं शकतें. घोटा पुढें ताणावयाचा आणि बोटें मात्र मागें ओढावयाचीं, ही गोष्ट ऐकावयास सोपी आहे. वाचकांनीं एकदां खुर्चीवर बसल्या बसल्या करून पाहावी, म्हणजे आपलें पाऊल आपलें किती थोडें ऐकतें हें त्यांस कळेल. बाजूस मारावयाच्या लाथेंत टांच व पावलाची बाहेरची कड लागते. वळसा घेऊन येणाऱ्या लाथेंत पावलाची वरची बाजू किंवा चवडा लागतो. एकाच पावलाचीं हीं चार निरनिराळीं हत्यारें आहेत, आणि कोणतें केव्हां काढावें हें आधीं ठरलेलें असावें लागतें.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटली. वर्गाचे शिक्षक लाथ तपासतांना मारणाऱ्या पायाकडे पाहत नाहींत. ते जमिनीवर टेकलेल्या पायाकडे पाहतात. वळशाच्या लाथेंत उभ्या पायाची टांच लक्ष्याच्या दिशेनें फिरली पाहिजे. ती फिरली नाहीं तर कमरेचा सारा पीळ उभ्या गुडघ्यावर येतो आणि गुडघा कायमचा दुखावूं शकतो. टाळ्या मिळतात त्या हवेंतल्या पायास. पण लाथ चुकते अगर साधते ती जमिनीवरील पायामुळें. मोठ्या कुटुंबांत हें दृश्य आपण नेहमींच पाहतों. एकजण नांव मिळवितो, आणि त्याच्यामागें कोणी तरी निमूटपणें भार सोसून उभें असतें.

विज्ञानाच्या तासास शिकलेलीं दोन सूत्रें येथें उपयोगीं पडतात. गतिज ऊर्जा ही वस्तुमान व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. म्हणून पाय दुप्पट जड झाला तर ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. यास्तव लाथेचें बळ पाय दगडासारखा करण्यांत नाहीं. तें गुडघा व कंबर सैल ठेवून पाय चटकन सुटूं देण्यांत आहे. दुसरें सूत्र दाबाचें: बल भागिलें क्षेत्रफळ. तेंच बल सर्व तळव्यावर वांटलें गेलें तर समोरचा नुसता मागें ढकलला जातो. चवड्याएवढ्या जागेंत एकवटलें तर तो जागच्या जागीं बसतो. हीं दोन सूत्रें ज्यास समजलीं त्यास पाय कठीण करण्याच्या वेडांत पडण्याचें कारण उरत नाहीं.

परंतु वेड तर पडलेलें होतें, आणि तें वर्गांतून आलेलें नसून मोबाईलच्या पडद्यावरून आलेलें होतें. थायलंडांतील योद्धे केळीच्या खोडावर नडग्या आपटतात, कोणी एका लाथेंत लांकडी दांडा मोडतो, असलीं चित्रें मुलें आवडीनें पाहतात. त्या दांड्यामागें किती वर्षांची शिस्तबद्ध मेहनत आहे, हें त्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रांत दिसत नाहीं. एके दिवशीं नववींतील एका मुलाची आई शाळेंत आली. “सर,” ती म्हणाली, “पोट्टा रोज राती नडगीवर लाटणं मारून घेते. इचारलं तं म्हणते, आता दुखतच नाही.” आम्हीं मुलास बोलावून पाय दाखविण्यास सांगितलें. दोन्ही नडग्यांवर निळेपिवळे वण होते व उजवीवर सूज होती. चेहऱ्यावर मात्र अभिमान होता. “सर, नस मेली की दुखत नाही. मग कितीही मारा,” असा त्यानें खुलासा केला. चौदा वर्षांच्या मुलानें आपल्याच देहाचा एक भाग मेला म्हणून आनंद मानावा, हें ऐकून त्याच्या आईनें पदर तोंडाशीं नेला. अस्थिवैद्यांनीं क्ष-किरणांचें चित्र काढलें, तेव्हां हाडावर ताणाची बारीक भेग पडण्यास सुरुवात झालेली आढळली. सहा आठवडे लाथ बंद, उडी बंद, धांवणें बंद, असा त्यांचा हुकूम झाला.

त्या मुलानें हें कां केलें असावें याचा विचार करतां, त्याच्या समजुतींत थोडें सत्य व पुष्कळसा अपसमज मिसळलेला होता असें दिसतें. हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे, तें जिवंत आहे, आणि ज्या दिशेनें त्यावर भार पडतो त्या दिशेनें तें स्वतःस बळकट करून घेतें. ज्युलियस वोल्फ या जर्मन शस्त्रवैद्यानें १८९२ सालीं हा सिद्धान्त मांडला. इतकें सत्य. परंतु हाडाची ही पुनर्रचना घराच्या दुरुस्तीसारखी असते: जुनी भिंत आधीं कोरून काढावी लागते आणि नवी मागाहून उभी राहते. कोरण्याचें काम कांहीं आठवड्यांत होतें. भरण्याच्या कामास महिने लागतात. मधल्या काळांत हाड पूर्वींपेक्षां दुबळें असतें. त्याच वेळीं कोणी रोज घाव घालूं लागला तर भिंत भरावयाच्या आधींच तडकते. प्रशियाच्या सैन्यांतील ब्राइटहाउप्ट नांवाच्या वैद्यानें १८५५ सालीं लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या पायांस येणाऱ्या सुजेचें वर्णन केलें आहे. त्या शिपायांवर कोणी शस्त्र चालविलें नव्हतें. केवळ विश्रांतीवांचून पडणाऱ्या पावलांनीं पायाचीं हाडें तडकत होतीं, हें क्ष-किरणांचा शोध लागल्यावर स्पष्ट झालें.

शिवाय मुलांचा पाय हा मोठ्या माणसाच्या पायाची लहान प्रत नव्हे. एका पावलांत २६ हाडें असतात. शरीराच्या २०६ हाडांपैकीं दोन्ही पावलांत मिळून ५२, म्हणजे एक चतुर्थांश. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशीं कूर्चेचे पट्टे असतात. हाडाची वाढ तेथून होते, आणि साधारणतः चौदा ते अठरा या वयांत ते पट्टे हाडांत मिळून जातात. तोंपर्यंत ती जागा सर्वांत नाजूक. आठ ते चौदा वर्षांच्या खेळाडू मुलांची टांच पुष्कळदां दुखते तीहि टांचेच्या वाढत्या हाडावर पोटरीच्या शिरेचा ताण पडल्यानेंच. ‘आळस करतो’ म्हणून अशा मुलास रागें भरूं नये. त्यास कांहीं दिवस विसावा द्यावा.

दुखणें नाहींसें होणें हें सामर्थ्याचें लक्षण काय, या प्रश्नाचें उत्तर मात्र आम्हांस व्यायामाच्या पुस्तकांत न मिळतां आपल्या जिल्ह्याच्या दुसऱ्याच एका परंपरेंत मिळालें. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ सालीं कुष्ठरोग्यांकरितां स्थापन केलेलें तपोवन आहे. परतवाड्याजवळ कोठारा येथें त्याच सेवेकरितां उभें राहिलेलें मिशनचें रुग्णालय आहे. कुष्ठरोगाचा जंतु नॉर्वेच्या डॉ. हान्सेन यांनीं १८७३ सालीं शोधून काढला. तो जंतु मज्जातंतूंवर हल्ला करून हातापायांची संवेदना नाहींशी करतो. रोग्यांचीं बोटें रोगामुळेंच झडतात, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. तमिळ मुलखांतील कोल्ली डोंगरावर एका मिशनरी कुटुंबांत १९१४ सालीं जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ सालीं वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत आले. त्यांनीं रोग्यांचे हातपाय वर्षानुवर्षें बारकाईनें पाहून दाखवून दिलें कीं, बहुतेक हानि जंतु स्वतः करीत नसून दुखणें न समजल्यामुळें होते. पायांत खिळा जातो, कळत नाहीं. चटका बसतो, कळत नाहीं. फोड आलेल्या पायावर माणूस तसाच चालत राहतो, आणि पाय थोडा थोडा झिजून जातो. वेदना ही शत्रू नसून देवानें शरीराच्या वेशीवर उभा केलेला पहारेकरी आहे, हें डॉ. ब्रँड यांनीं उभा जन्म सांगितलें.

नाताळच्या सुमारास आमच्या मंडळीबरोबर आम्ही अशाच एका सेवाकेंद्रांत भजनास गेलों, तेव्हां तो मुलगाहि बरोबर आला होता. ओसरीवर एक वृद्ध गृहस्थ बादलींत पाय बुडवून बसले होते. रोग जाऊन पुष्कळ वर्षें झालीं होतीं. गेलेली संवेदना मात्र परत आलेली नव्हती. त्यांनीं पाय बाहेर काढले, खरखरीत दगडानें हलकेच घासले, तेल लाविलें, आणि मग एक लहानसा आरसा हातांत घेऊन तळवे निरखून पाहूं लागले. मुलानें विचारलें, “आजोबा, आरशात काय पाहता?” ते म्हणाले, “पाय पायतो, बापू. काटा रुतला तं मले समजत नाई, म्हनून डोयानं पाहा लागते. तुह्या पायाले काय झालं?” मुलानें अडखळत सांगितलें. “दुखते काय?” म्हाताऱ्यांनीं विचारलें. “थोडं थोडं दुखतं.” “दुखते नं? मंग बरं हाय,” असें म्हणून ते पुन्हां आपल्या तळव्याकडे वळले. परत येतांना मुलगा बसमध्यें फारसा बोलला नाहीं. लाटणें स्वयंपाकघरांत परत गेलें, एवढें त्याच्या आईकडून आम्हांस मागाहून कळलें.

तर मग पाय तयार करावयाचेच नाहींत काय? अवश्य करावे, परंतु ते बधिर करण्याकरितां नव्हे, तर जागे करण्याकरितां. वर्गांत जो क्रम आम्हीं पाहिला व स्वतः आचरिला तो येथें देतों. पहिले कांहीं महिने कोणत्याहि वस्तूवर लाथ मारूं नये. स्वच्छ मैदानांतील माती किंवा वाळू यांवर रोज थोडा वेळ अनवाणी चालावें. टांचा उचलून चवड्यावर वीस पावलें, मग टांचांवर वीस पावलें जावें. जमिनीवर पंचा पसरून तो बोटांनीं गोळा करावा. या साध्या खेळानें तळव्याचे स्नायू कामास लागतात. एका पायावर उभें राहून डोळे मिटावे व मनांत तीस अंक मोजावे. हें आम्हांस लाथेहूनहि कठीण गेलें. दोरीवरच्या उड्या थोड्या माराव्या. मग भिंतीचा आधार घेऊन प्रत्येक पायानें दहा लाथा अगदीं सावकाश, चारहि पायऱ्या मोजून, हवेंत काढाव्या. मात्र हवेंत लाथ मारतांना गुडघा झटक्यानें पूर्ण ताठ करूं नये. हें साधल्यावर जुन्या गादीचा कापूस भरलेलें पोतें टांगून त्यावर हलकेच लाथ मारावी. वऱ्हाडांत कापसास तोटा नाहीं, तेव्हां हें साधन गरिबाच्याहि घरीं होण्याजोगें आहे.

झाड, भिंत, खांब यांवर लाथ मारणें मुलांनीं सर्वथा वर्ज्य करावें. ओकिनावांत मुठी व पाय बळकट करण्याकरितां माकिवारा नांवाचा जो खांब वापरतात, त्यास गवताची दोरी गुंडाळलेली असते आणि तो आघातासरशी मागें लवतो. हें लवणें हाच त्याचा गुण आहे, आणि तोहि प्रौढ शिष्यांकरितां, गुरूच्या देखरेखीखालीं. मेहनतीच्या दोन दिवसांमध्यें पायांस एक दिवस विसावा द्यावा. सराव संपल्यावर जो ठणका तासाभरांत निवतो तो मेहनतीचा. जो दुसऱ्या दिवशीं सकाळीं पहिलें पाऊल टाकतांना तसाच उठतो, अगर हाडाच्या एकाच बिंदूवर बोट ठेवतांच कळवळावयास लावतो, तो इशाऱ्याचा. दुसऱ्या जातीच्या दुखण्याशीं शौर्य गाजवूं नये. शिक्षकांस व आईबापांस सांगावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे रोज रात्रीं पाय धुऊन, पुसून, दिव्याच्या उजेडांत नीट पाहावे. ज्यांची संवेदना गेली ते गृहस्थ आरसा घेऊन पाय पाहतात. ज्यांस ती देवानें दिली आहे त्यांनीं निदान डोळे तरी वापरावे.

आतां पालकांच्या एका आक्षेपाकडे वळूं. “ख्रिस्ती शाळेनें मुलांस, आणि त्यांतहि मुलींस, लाथा मारण्यास उत्तेजन द्यावें काय?” असें आम्हांस एकाहून अधिक जणांनीं विचारलें. त्यास आमचें उत्तर असें कीं, लाथ कशी मारावी हें न शिकलेलें मूलहि रागाच्या भरांत लाथ मारतेंच. शिकलेलें मूल मात्र तिसरी पायरी शिकलेलें असतें: पाय मागें घेणें. दोनशें वेळां पाय फेकून दोनशें वेळां तो परत घेतल्यावर, आपण जें सोडतों तें आपणच आवरूं शकतों, ही गोष्ट शरीरास पाठ होते. दोघेजण समोरासमोर सराव करतात तेव्हां पाय जोडीदाराच्या छातीपासून चार बोटांवर थांबवावा लागतो. जोराच्या लाथेपेक्षां ही थांबविलेली लाथ कितीतरी कठीण आहे. पौलानें करिंथकरांस लिहितांना धांवणारा व मुष्टियोद्धा यांचे दाखले घेतले ते उगाच नव्हेत. शरीरावरील ताबा हा आत्म्याच्या शिस्तीचा शेजारी आहे. मुलींविषयीं म्हणाल तर, जिला आपला पाय कोठें पडेल हें नक्की ठाऊक आहे, ती रस्त्यानें मान वर करून चालते. एवढा एकच लाभ झाला तरी तो थोडा नव्हे.

भृगु ऋषींनीं विष्णूच्या छातीवर लाथ मारली असतां, विष्णूनें रागावण्याऐवजीं त्यांचेच पाय चेपले व पायास लागलें तर नाहीं ना, अशी विचारपूस केली, ही कथा आमच्या हिंदु विद्यार्थ्यांनीं घरीं ऐकलेली असते. आणि शेवटच्या भोजनाच्या रात्रीं प्रभु येशू ख्रिस्तानें कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्यांत यहूदाचेहि पाय होते, हें आमच्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांस शब्बाथ शाळेपासून ठाऊक आहे. आपल्याविरुद्ध टांच उचलणाराचेंच पाऊल हातांत घेऊन धुण्याचें सामर्थ्य ज्यास आहे, त्याच्याहून बलवान योद्धा कोणता? लाथ मारण्याची विद्या शिकणारानें हें उदाहरण नेहमीं डोळ्यांसमोर ठेवावें, म्हणजे त्याचें बळ त्यास मदांध करणार नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांतील जे या वर्षीं कराटे-तायक्वांदोच्या स्पर्धांस जाणार आहेत त्यांस यश येवो. जे जाणार नाहींत त्यांनींहि पाय शिकविण्याचें सोडूं नये. कारण सामना वर्षांतून एकदां येतो, चालणें मात्र रोजचें असतें. आणि पालकहो, आपल्याकडे एक लहानशी मागणी आहे. शाळेचे बूट घेतांना ते पुढील वर्षींहि यावे म्हणून फार मोठे घेऊं नका, आणि गेल्या वर्षींचे फाटले नाहींत म्हणून आखूड झालेलेहि चालवूं नका. अंगठ्यापुढें बोटभर जागा आहे कीं नाहीं हें दाबून पाहा. रात्रीं मूल झोंपल्यावर क्षणभर त्याचे पाय हातांत घेऊन बघा: कोठें फोड, कोठें सूज, कोठें न सांगितलेला वण आहे काय? त्याच्या गुणपत्रकावरून जें कळणार नाहीं असें कांहीं तरी त्या तळव्यावर लिहिलेलें आपणांस सांपडेल.